तळ, पाणी, कड

दुपारचे जेवण उरकले की मामंजी खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसत, चष्मा कपाळावर सरकवत, आणि हळूहळू त्यांची हनुवटी छातीवर येई. त्या क्षणी स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबे. पावले वाजत, आणि सुनेचा ओला हात मामंजींच्या खांद्यावर येऊन पडे.

“मेलो नाही अजून,” मामंजी डोळे न उघडताच म्हणत. “डुलकी लागली होती.”

“मी कुठे काय म्हटलं?”

“म्हणायला कशाला पाहिजे? हात बर्फासारखा गार. मेलेला असतो तरी उठून बसलो असतो.”

ती हसे, पण हसता हसता तिची नजर त्यांच्या सदऱ्यावरून पोटाकडे उतरे. पोट हलताना दिसले की मगच ती भांड्यांकडे वळे. मामंजी पुटपुटत, की या घरात निवांत झोपायचे असेल तर माणसाने झोपेत हातपाय हलवायला शिकले पाहिजे.

घरातल्या इतरांनीही हा ताप निमूटपणे सोसला होता. नवरा पालथा झोपला की ती त्याला कुशीवर वळवी. कुंपणाच्या भिंतीवर ऊन खात पडलेल्या मांजराला ती टाळी वाजवून पळवून लावी, आणि ते पळाले की तिच्या जिवात जीव येई. बाजाराच्या रस्त्यावर कपड्यांचे एक मोठे दुकान होते. त्याच्या काचेआड उभे असलेले पुतळे टाळण्यासाठी ती रस्ता ओलांडून पलीकडून चाले. जे हलत नाही, ते तिला सोसत नसे.

पूर्वी असे नव्हते. पूर्वी न हलणाऱ्या गोष्टींशीच तिचे सारे काम होते. शहराच्या बंदिस्त तरणतलावावर ती जीवरक्षक होती. गळ्यातल्या शिट्टीमुळे लहानथोर सगळे तिला शिट्टीताई म्हणत, जरी ती शिट्टी फार क्वचित वाजे. तलावाची इमारत जुनी, उंच छताची. छताला काचेची तावदाने होती, आणि सकाळच्या प्रहरी त्यांतून उतरलेले ऊन पाण्यात शिरे, पाण्यावरून उलटे फिरे आणि पुन्हा छताला जाऊन भिडे. तिथे ते एखाद्या सैल विणलेल्या जाळ्यासारखे थरथरत राही. कडेच्या उंच खुर्चीवर बसले की आपण दोन पाण्यांच्या मधोमध कुठेतरी टांगलेले आहोत असे वाटे. आवाजही तिथे सरळ येत नसत. कुणी मारलेली हाक भिंतींना शिवून, ओली होऊन, भलत्याच कुणाच्या तरी आवाजात कानावर येई.

तिला हे काम ज्या वस्तादाने शिकवले, तो आता हयात नव्हता. त्याने पहिल्याच दिवशी सांगितले होते, “हलणाऱ्याकडे बघत बसू नकोस. जो हातपाय मारतोय, ओरडतोय, तो निदान आपल्यापुरती धडपड करतोय. जो हलत नाही, तो शोध. आधी तळ, मग पाणी, मग कड. आणि पुन्हा तळ.” तेव्हापासून तिची नजर वल्ह्यासारखी चाले. तळाच्या फरश्यांवरून या टोकापासून त्या टोकाला, पाण्याच्या पृष्ठावरून परत, मग कडेकडेने एक फेरी, आणि पुन्हा खाली. पोरांच्या उड्या, पैजा, पाणी उडवणे यांवर ती क्षणभरही रेंगाळत नसे. डोळ्यांत तेल घालून पाहणे म्हणतात ते तिच्या बाबतीत अंगवळणी पडून इतके सहज झाले होते, की पाहता पाहता ती संध्याकाळी घरी काय शिजवायचे तेही ठरवी.

त्या तळाशी रोज सकाळी एक माणूस बसलेला असे. बाजारातल्या गल्लीत घड्याळे दुरुस्त करणारा, साठी ओलांडलेला, काटक. घड्याळाचे बारीक चाक चिमट्याने जागेवर बसवताना श्वास रोखावा लागतो, नाहीतर हात थरथरतो. वयाबरोबर त्याचा श्वास आखूड होत चालला होता, म्हणून तो पाण्याखाली श्वास धरण्याचा सराव करी. खोल बाजूच्या कोपऱ्यात, शिडीची सगळ्यात खालची पायरी एका हाताने धरून, मान खाली घालून तो बसे, जणू पुढ्यात एखादे उघडे घड्याळ आहे.

“घड्याळवाले, हे बरं नाही,” तिने त्याला एकदा सोडून अनेकदा बजावले होते. “एकट्यानं असा श्वास रोखू नये.”

“एकटा कुठे आहे? तुम्ही बघताय ना वरून.”

त्या सकाळी तिची नजर तळावरून गेली तेव्हा तो तिथे होता. पाण्यावरून आणि कडेवरून फिरून नजर परत आली तेव्हाही होता, अगदी रोजच्यासारखा. मग तिच्या ध्यानात आले, की पायरीवरचा हात सुटलेला आहे. तिने उडी मारली, त्याला वर आणले, कडेवर निजवून छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, आणि रुग्णवाहिकेची माणसे येऊन तिला बाजूला करेपर्यंत ती थांबली नाही. घड्याळवाले गेले.

रीतसर चौकशी झाली. जे करायला हवे होते ते सर्व वेळेत झाले होते आणि त्याचे हृदय आधीपासूनच कमजोर होते, असा निष्कर्ष निघाला. तिला दोष देणारे कुणी नव्हते. घड्याळवाल्यांची बायकोसुद्धा येऊन तिचा हात हातात घेऊन बसली. ती मात्र एकच गोष्ट घोकत राहिली. “माझं लक्ष नव्हतं असं झालं असतं, तरी चाललं असतं. मी बघत होते. मी त्यांच्याकडेच बघत होते.”

काही आठवड्यांनी ती पुन्हा खुर्चीवर चढली, तेव्हा खरी गोम कळली. नजर निघे आणि शिडीखालच्या कोपऱ्यात जाऊन रुतून बसे. उरलेला तलाव तिच्या लेखी नाहीसाच होई. पोहणारे असत, त्यांचे हात पाणी कापत, पण तिला दिसे ती एकच काळसर आकृती, फरश्यांच्या रेषेवर टेकलेली, जी आता तिथे नव्हती. ती आपणहून खाली उतरली आणि व्यवस्थापकांना म्हणाली, “दुसरं कुणाला तरी बसवा.”

त्यांनी तिला टॉवेलांच्या खिडकीवर बसवले. माणूस भला होता. “ताई, शाळांना सुट्ट्या लागल्या की पोरांची झुंबड उडेल,” तो म्हणाला. “तोवर तुमची खुर्ची धरून ठेवतो. पुढे मला कायमचं माणूस घ्यावं लागेल.”

टॉवेलांच्या घड्या घालण्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. ओल्या टॉवेलांचा उबट वास तिला आवडायला लागला होता. पण ती खुर्ची गेली, तर आपले डोळे खोटे निघाले हे आपणच कबूल केल्यासारखे होईल, आणि मग उरलेले आयुष्य झोपलेल्या माणसांना हलवून पाहण्यात जाईल, ही भीती तिच्या मनात घर करून होती.

नणंद इस्पितळात परिचारिका होती आणि तोंडाने फटकळ.

“वहिनी, बाबांना जरा झोपू देत जा गं. फोन करून तक्रार केली त्यांनी माझ्याकडे.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, तुझ्या वहिनीला माझ्या मरणाची घाई झालीय, दिवसातून दोनदा विचारून जाते.” मग तिने आवाज उतरवला. “हे बघ, आमच्याकडून अपघातातली माणसं एका बाईंकडे जातात. डोळे हलवून उपचार करतात त्या.”

“डोळे हलवून? माझे हलत नाहीत, हेच तर रडगाणं आहे.”

“मग तिथेच जायला नको का?”

“मंत्रबिंत्र तर नाही ना?”

“शिकलेली बाई आहे. तिच्याकडे जाताना लोकांचे चेहरे कसे असतात आणि पुढे कसे होतात, ते मी बघितलंय. सगळ्यांचेच बदलतात असं नाही. तू जाऊन तर बघ.”

बाईंची खोली किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर होती. खालून किल्ली घासल्याचा किरकिराट वर येई, मध्येच थांबे, आणि त्या थांबण्यात दूर कुठेतरी एखादे कुलूप उघडले असावे असा भास होई. खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, कुंडीतले जाड पानांचे झाड, आणि भिंतभर लांब खिडकी. बाई ठेंगण्या, पन्नाशीच्या, बोलताना अधूनमधून थांबणाऱ्या. पहिल्या काही भेटींत त्यांनी डोळ्यांचे नावही काढले नाही. झोप, भूक, घर, माणसे यांबद्दलच विचारले. मग त्या म्हणाल्या, मन फार भेदरले तर परतायला एखादी जागा ठरवून ठेवू. शिट्टीताईने तलावाच्या छतावरचे उन्हाचे जाळे निवडले. सोसवेनासे झाले तर थांबण्याची खूण काय करायची, असेही त्यांनी विचारले.

“शिट्टी वाजवली तर चालेल?”

“चालेल. पण खाली किल्लीवाला दचकेल, आणि कुणाच्या तरी घराचं दार उघडायचं नाही.”

शिट्टीताई कित्येक दिवसांनी मनापासून हसली. शेवटी हात वर करायचा असे ठरले.

बाईंनी उपचार समजावून सांगितला तो असा. एखादा भयंकर क्षण मनात इतर आठवणींसारखा मुरत नाही. तो जुना होत नाही, आत्ता घडतो आहे असाच राहतो. तो क्षण मनात धरून डोळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हलवत राहिले, की मनाला एका वेळी दोन कामे करावी लागतात, आणि त्या ओढाताणीत चित्राची धार हळूहळू बोथट होते. नेमके कसे, यावर जाणकारांत अजून वाद आहे, हेही त्यांनी लपवले नाही. “गुण येतो, हे तपासून पाहिलेलं आहे. का येतो, ते पुरतं उलगडलेलं नाही.” शिट्टीताईला हा खरेपणा आवडला. पाणी आपल्याला कसे तोलून धरते, हे तिला तरी कुठे सांगता आले असते?

मग चित्र ठरले: शिडीखालची ती आकृती. त्या चित्रासोबत येणारे वाक्य ठरले: माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. त्याऐवजी काय वाटायला आवडेल, असे विचारल्यावर ती म्हणाली, “मला दिसतं, आणि दिसलं की मी जाते.” हे वाक्य आज किती खरे वाटते? “उसन्या कपड्यांइतकं.” चित्र पाहताना शरीरात काय होते? “गळा आवळतो. शिट्टीची दोरी ओली झाली की आवळते तसा.”

बाईंनी दोन बोटे तिच्या चेहऱ्यासमोर धरली आणि ती संथपणे एका बाजूकडून दुसरीकडे नेऊ लागल्या. थोड्याच वेळात त्या थांबल्या.

“बोटांकडे बघायचं.”

“बघतेय की.”

“तुम्ही कुंडीकडे बघताय.”

“बोटं ठीक आहेत,” शिट्टीताई म्हणाली.

“म्हणजे?”

“हलताहेत ना. झाड हलत नाहीये.”

बाईंनी हात खाली घेतला आणि त्याच्याकडे पाहिले, जणू त्याची अशी चौकशी आजवर कुणी केली नव्हती. पुन्हा प्रयत्न झाला; पुन्हा तिची नजर बोटांना क्षणभर भेटून, त्यांचे बरे चालले आहे अशी खात्री करून घेऊन, भिंतीवरच्या खिळ्याकडे, टेबलाच्या पायाकडे, पायपुसण्याकडे निघून गेली. डोळे मिटून गुडघ्यांवर आळीपाळीने टिचक्या मारायचीही एक रीत होती, पण डोळे मिटणे तिला मुळीच जमेना.

“वर्षानुवर्षं हलणारं सोडून द्यायला शिकलेय मी,” ती ओशाळून म्हणाली. “तुमचं औषध मला लागू पडायचं नाही.”

“मला दाखवा बरं, तुम्ही तलाव कसा बघता ते,” बाई म्हणाल्या.

तिने दाखवले. मान जवळजवळ स्थिर, आणि डोळे तळावरून सरकत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला, मग पाण्यावरून परत. बाई उठल्या. टेबलावर त्यांचा निळा कप होता आणि तिचा पांढरा. त्यांनी निळा खिडकीच्या डाव्या टोकाला ठेवला, पांढरा उजव्या टोकाला.

“हे दोन्ही हलत नाहीत. या कपावरून त्या कपावर जायचं आणि परत यायचं. मधे थांबायचं नाही. मी टेबलावर ठेका धरते.”

ठेका सुरू झाला. निळा, पांढरा. निळा, पांढरा. तिची नजर आधी अडखळली, मग तिला वाट सापडली, कारण वाट तिच्या ओळखीची होती. ठेका थांबला. बाईंनी विचारले, “काय आलं?”

“कप रिकामे आहेत.”

“असू देत. तिथूनच पुढे.”

पुन्हा ठेका. खालचा किरकिराट दूर गेला. खिडकीच्या उजेडात ओल सुटल्यासारखी वाटली. वस्तादाची रबरी चप्पल कडेवरून चपचपत गेली. कुणाची तरी हाक भिंतींना शिवून आली, पण नाव कळले नाही. दर थांब्याला बाई विचारत, काय आलं, आणि ती जे असेल ते सांगे: टॉवेलांचा वास, फरशीला गेलेला तडा, एक पिवळी टोपी. बाई प्रत्येक वेळी म्हणत, ते घेऊन चला. मग ती आकृती आली आणि गळा आवळला. निळा, पांढरा. आकृती हलली नाही. निळा, पांढरा.

ठेका थांबला.

“मी खुर्चीवर आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे कशी?”

“त्या चित्रात. मी वर बसलेय आणि ते खाली आहेत. नेहमी असंच दिसतं. पण मी तर उतरले होते. मी पाण्यात होते.” तिने बाईंकडे पाहिले. “हे मला कधी दिसतच नाही.”

“ते घेऊन चला.”

या वेळी खुर्ची तिच्या पायांखालून सुटली. पाणी कानांवर मिटले आणि जगातले सगळे आवाज एकदम मऊ झाले. आत हिरवट उजेड होता. फरश्यांच्या रेषा लाटांसारख्या वाकत होत्या आणि त्यांवरून उन्हाचे जाळे सरकत होते, तेच, जे एरवी छतावर असे. तिचे स्वतःचे हात तिला दिसले, पाणी बाजूला सारत जाणारे. घड्याळवाल्यांचा हात तिच्या हातात आला. पाण्यात माणसाला वजन नसते. ते सहज निघाले, जणू कुणी म्हटले आहे, उठा आता, दुकान उघडायची वेळ झाली. वर जाताना तिला छत दिसले, खालून, थरथरणारे. मग हवा. गुडघ्यांखालची टणक फरशी. तिचे तळवे त्यांच्या छातीवर, दाबणारे, दाबणारे, न थांबणारे.

टेबलावरचा ठेका थांबला होता. तिचा चेहरा भिजला होता.

“मी बघत होते,” ती म्हणाली. “म्हणून तर मी पाण्यात गेले.”

“गळा?”

तिने हात लावून पाहिला. “दोरी सैल आहे.”

त्या दिवशी ती घरी चालत गेली. संध्याकाळ पाण्याखालून पाहावी तशी होती. दिवे लागत होते, पण त्यांच्या कडा ठरत नव्हत्या. एवढ्याने सारे संपले असे मात्र झाले नाही. त्या आठवड्यात तिला भलभलती स्वप्ने पडली. पुढच्या भेटीत तिला घड्याळवाल्यांचा भयंकर राग आला. “‘तुम्ही बघताय ना’ म्हणून आपलं ओझं माझ्या गळ्यात टाकून खुशाल बसायचे.” बाई म्हणाल्या, राग घेऊन चला. त्यापुढची एक भेट नुसतीच कोरडी गेली. कप कपच राहिले. तरी चित्र हळूहळू लांब सरकत होते. ते पुसले गेले नाही; लहान झाले, फिकट झाले, आणि मुख्य म्हणजे त्याच्या आधी आणि नंतर काही आहे हे दिसू लागले.

“अजून किती उरलंय?” बाईंनी एकदा विचारले.

“थोडं.” मग विचार करून ती म्हणाली, “तेवढं राहू दे. ते त्यांचं आहे.”

सुट्ट्या लागायच्या आधी एका सकाळी ती खुर्चीवर चढली. व्यवस्थापक पलीकडच्या भिंतीपाशी एका नळाची तपासणी करत उभे होते; त्या नळाला काहीही झालेले नव्हते. पाण्यात मोजकीच माणसे होती. तळ. पाणी. तिची नजर निघाली, आणि तलावाच्या मध्यावर येऊन थबकली.

तिथे एक म्हातारी उताणी पडली होती. टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या या आजी रोज येत आणि पोहण्याऐवजी नुसत्या तरंगत: हात पसरलेले, कान पाण्यात, डोळे मिटलेले. छतावरचे जाळे त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत होते. बाकी काही हलत नव्हते. शिट्टीताईचा हात शिट्टीकडे गेला. गळ्याशी ओळखीचे काहीतरी जागे झाले. तिने ते होऊ दिले आणि पाहत राहिली. पोहण्याच्या काळ्या पोशाखाखालचे पोट वर आले. खाली गेले. पुन्हा वर आले.

नजर सुटली आणि पुढे निघाली. खोल बाजूचा कोपरा आला. शिडी, तिची सगळ्यात खालची पायरी, फरश्यांच्या रेषा. तिथे ती थांबली, इतर कुठल्याही कोपऱ्याइतकीच, आणि मग कडेला लागली. कडेवरून पुन्हा तळाला. पलीकडे व्यवस्थापकांनी तो निरोगी नळ बंद केला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले.

थोड्या वेळाने आजी शिडीने वर आल्या आणि कानातले पाणी झाडत खुर्चीखाली थांबल्या.

“टक लावून बघत होतीस गं माझ्याकडे.”

“तुम्ही हलत नव्हता.”

“खपले असं वाटलं की काय?”

“क्षणभर वाटलं.”

“मग?”

“मग तुमचं पोट दिसलं.”

“हो, ते लांबूनही दिसतं,” आजी म्हणाल्या आणि टॉवेल शोधायला गेल्या.

दुपारी मामंजींना जाग आली ती आपोआप. ऊन खिडकीतून खुर्चीच्या हातावर उतरले होते, आणि शेजारच्या तिवईवर बशीने झाकलेला चहाचा कप होता. त्यांनी बशी काढली, एक घोट घेतला आणि चेहरा वाकडा केला.

“सूनबाई, आज उठवलं नाहीस?”

“पोट हलत होतं,” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“तिकडून दिसलं?”

“दारातून दिसतं.”

“चहा पार गार झाला माझा.”

“झोप चांगली झाली ना? मग प्या तसाच.”

मामंजी कुरकुरत दुसरा घोट घेऊ लागले. या घरात झोपावे तरी पंचाईत आणि जागावे तरी पंचाईत, असे त्यांनी कपाला सांगितले. ती हात पुसत दारात आली. त्यांच्या हातातल्या चहावर ऊन पडले होते, आणि त्याचा एक कवडसा उलटा फिरून छतावर थरथरत होता. ती त्याच्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग उरलेली भांडी घासायला आत गेली.